आधी दार बघा, मग काटे: जुन्या सागरी गाळातले डायनोसिस्ट ओळखायची रीत

डायनोसिस्ट म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जिवाचं गाळात टिकलेलं कवच. नवखा माणूस त्याच्या काट्यांवर भाळतो. स्लाइडवर पिवळसर, गोल, चहूबाजूंनी काटे फुटलेलं काही दिसलं की तो काटे मोजतो, त्यांची टोकं न्याहाळतो, छापील चित्रांशी ताडून पाहतो आणि नाव ठोकून मोकळा होतो. ते नाव बहुधा चुकतं. माझ्याकडे अमळनेरला उन्हाळ्याच्या सुट्टीत भूशास्त्राची दोन-तीन पोरं शिकायला येतात. त्यांना मी पहिल्याच दिवशी आपल्या अहिराणीत सांगून टाकते, "पहिले दार दख, मंग काटा." पुढचं सगळं या एका वाक्याचाच विस्तार आहे.

दार म्हणजे आर्किओपाइल. डायनोफ्लॅजेलेट हा पाण्यात तरंगणारा एकपेशी जीव. त्याला दोन कशाभिका असतात. एक कमरेभोवतीच्या आडव्या खाचेत फिरते, ती खाच म्हणजे सिंग्युलम. दुसरी उभ्या खाचेतून मागे निघते, ती खाच म्हणजे सल्कस. पोहणाऱ्या अवस्थेत बऱ्याच जातींच्या अंगावर सेल्युलोजच्या पट्ट्यांचं चिलखत असतं, पण ते मेल्यावर कुजून जातं, गाळात टिकत नाही. टिकतो तो सिस्ट. काही जाती आयुष्याच्या एका टप्प्यावर चिवट कवच करून तळाशी विश्रांती घेतात. हे कवच डायनोस्पोरिन नावाच्या सेंद्रिय द्रव्याचं असतं. जिवाणू त्याला सहजी खाऊ शकत नाहीत आणि प्रयोगशाळेतली ॲसिडंही ते पचवतं. दिवस पालटले की आतली पेशी कवचाला ठरलेल्या जागी भोक पाडून निघून जाते, मागे रिकामं घर उरतं. आपल्याला सापडतं ते हे रिकामं घर.

हे भोक कुठेही पडत नाही, आणि वर्गीकरणाचा सगळा जीव यातच आहे. चिलखताच्या नेमक्या कोणत्या पट्टीच्या जागी कवच उघडतं हे त्या त्या गटात ठरलेलं असतं. काटे मात्र लांब-आखूड होतात. एकाच जातीत, खारटपणा बदलला तरी बदलतात. लिंग्युलोडिनियम मॅकेरोफोरम या जातीत कमी खारट पाण्यात काटे आखूड होतात हे तर नीट अभ्यासलं गेलंय.

काट्यांनी फसण्यात नवख्यांचा फार दोष नाही म्हणा. एरेनबर्ग या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८३०च्या दशकात गारगोटीच्या पातळ चिपांमध्ये हे जीवाश्म पाहिले. पुढे शंभरहून जास्त वर्षं हे काटेरी गोळे नेमके कोणाचे हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं, आणि विसाव्या शतकात तर त्यांना 'हिस्ट्रिकोस्फिअर' या एका नावाखाली ढकललं जात होतं. १९६१ मध्ये अमेरिकन भूशास्त्रज्ञ विल्यम एविट यांनी भोकाची जागा आणि काट्यांची मांडणी तपासून दाखवलं की यातले बरेचसे डायनोफ्लॅजेलेटचे सिस्ट आहेत. ज्यांच्याबद्दल असा पुरावा मिळाला नाही त्यांच्यासाठी त्यांनीच १९६३ मध्ये 'ॲक्रिटार्क' ही वेगळी पिशवी शिवली. ती पिशवी आजही कामाची आहे, तिच्याकडे पुढे येते.

नमुना कुठला घ्यायचा

गावातले लोक विचारतात, खान्देशात समुद्र कुठेय आणि तुम्ही समुद्राचे जीव कुठून आणता? प्रश्न बरोबर आहे. आपल्या पायाखाली सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा काळा दगड आहे, त्यावर तापीचा गाळ. बेसाल्ट फोडून डायनोसिस्ट मिळणार नाही आणि नदीच्या पोयट्यातही मिळणार नाही. पण तापीच्याच कडेने खाली सुरतेकडे उतरलं की चित्र पालटतं. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीतले थर याच काळ्या दगडाच्या वरचे, म्हणजे त्याहून तरुण, इओसीनच्या सुरुवातीचे. तिथले सस्तन प्राण्यांचे जीवाश्म आणि अंबर, म्हणजे झाडाची जीवाश्म झालेली राळ, जगभर गाजलं, पण त्या थरांचं वय ठरवण्यात डायनोसिस्टचाही हात आहे. सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या खोऱ्यात बाघचे सागरी थर आहेत, ते क्रिटेशियसचे, म्हणजे डायनोसॉरच्या काळातले. शिकायला मी इओसीनचा शेल (चिखलाचा पापुद्रेदार खडक) वापरते, कारण त्यात गट भरपूर आणि जतन चांगलं.

नमुना घेताना एकच पाळा, ताजा तुकडा घ्या. उघड्यावर हवा-पाणी खाल्लेल्या, लालसर पडलेल्या दगडात सेंद्रिय पदार्थ जळून गेलेला असतो. राखाडी ते काळपट, बारीक कणांचा शेल उत्तम. स्वच्छ वाळूच्या दगडावर ॲसिड वाया घालवू नका. आणि लिग्नाइटच्या जाड पट्ट्यापेक्षा त्याच्या वरखालचा करडा शेल तपासा, लिग्नाइट बहुतेक जमिनीवरच्या झाडोऱ्याचा असतो.

ॲसिडाचं काम

हे थोडक्यात सांगते, कारण ते घरी करायचं नाही. दहा-वीस ग्रॅम दगड मटारएवढा फोडायचा, कुटून पीठ करायचं नाही. आधी हायड्रोक्लोरिक ॲसिडने चुना काढायचा, फेस पूर्ण थांबेपर्यंत. मग उदासीन होईपर्यंत धुवायचं. ही धुलाई आळसाने केली तर शिल्लक कॅल्शियम पुढच्या ॲसिडशी मिळून कॅल्शियम फ्लोराइडचे बारीक स्फटिक होतात आणि स्लाइड पांढरी धूसर होते. त्यानंतर हायड्रोफ्लोरिक ॲसिडने वाळू-माती विरघळवायची. हे ॲसिड काच खातं, म्हणून सगळी भांडी प्लॅस्टिकची. ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत पोचतं आणि सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून धुराडं (वाफा बाहेर ओढणारं प्रयोगशाळेतलं कपाट), जाड हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, हाताशी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल आणि शेजारी जाणता माणूस, यातलं काहीही कमी असेल तर बाटलीचं झाकण उघडायचं नाही. मग पुन्हा गरम हायड्रोक्लोरिक, पुन्हा धुलाई, आणि १० किंवा १५ मायक्रॉनच्या जाळीतून गाळणं. डायनोसिस्ट बहुतेक २० ते १५० मायक्रॉनच्या दरम्यान असतात, त्यामुळे या जाळीवर राहतात.

नायट्रिक ॲसिडने 'साफ' करायचा मोह टाळा. ऑक्सिडेशनने काळा कचरा जातो हे खरं, पण पेरिडिनिऑइड गटातले पातळ तपकिरी सिस्टही त्याबरोबर जातात. मग तुम्ही लिहिता की या थरात पेरिडिनिऑइड नाहीत, आणि ते तुमच्याच बेसिनमधून वाहून गेलेले असतात.

ज्यांना धुराड्याची सोय नाही त्यांनी मऊ, पाण्यात फुगणारी चिकणमाती घ्यावी, सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या द्रावणात भिजवावी आणि जाळीवर धुवावी. माल तेवढा स्वच्छ निघत नाही, पण शिकायला पुरतो.

संख्या हवी असेल तर सुरुवातीलाच लायकोपोडियम या वनस्पतीच्या मोजलेल्या बीजाणूंची गोळी टाका. गोळीत किती बीजाणू आहेत हे डबीवर छापलेलं असतं. समजा गोळीत १८,००० बीजाणू, दगड १० ग्रॅम, आणि मोजणीत २४० सिस्ट व १२० लायकोपोडियम आले. तर २४० ला १२० ने भागा, १८,००० ने गुणा, १० ने भागा. ग्रॅमला ३,६०० सिस्ट. यात अवघड काही नाही, पण गोळी शेवटी टाकली तर सगळा हिशोब खोटा, कारण वाटेतल्या गळतीत ती सामील झालेली नसते.

हा डायनोसिस्ट आहे की नाही

पोरांना मी वस्तानची स्लाइड लगेच देत नाही. आधी शेतातून कपाशीचं फूल आणायला लावते, नसेल तर अंगणातली जास्वंद. त्याचा पराग ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून बघायचा. कपाशीचा परागकण मोठा, गोल आणि काटेरी असतो. पहिल्या नजरेला तो हुबेहूब काटेरी सिस्ट वाटतो. आता नीट बघा. काटे सगळीकडे सारख्या अंतरावर, कुठलीही पट्टी किंवा पट्टा न पाळता उगवलेत. मधूनमधून गोल छिद्रं आहेत, ती एकाच मापाची आणि अनेक. कमरेची खाच नाही. कोनदार कडेचं दार नाही. कपाशीच्या मुलखात राहणाऱ्याने हा कण एकदा डोळ्यात भरून घ्यावा.

ॲक्रिटार्कमध्ये ना पट्ट्यांची खूण, ना नेमक्या जागेचं दार. प्रासिनोफाइट या हिरव्या शेवाळाचे गोळे जाड भिंतीचे, बारीक छिद्रांचे. फोरॅमिनिफेरा या कवचवाल्या एकपेशी जिवाचं आतलं अस्तर हे खोल्यांची गुंडाळी असतं, ते एकदा पाहिलं की पुन्हा चुकत नाही. बुरशीचे बीजाणू गडद तपकिरी. उरला हवेचा बुडबुडा. त्याची कड काळीकुट्ट आणि एकसारखी असते, आणि त्याचंही चित्र काढून आणणारे मी पाहिलेत.

कुठली बाजू वर आहे

इथे घाई करू नका, अर्धी लढाई इथेच आहे.

सिस्ट पारदर्शक असतो. ४०० पट मोठं करून बारीक स्क्रू फिरवला की आधी वरचा पृष्ठभाग स्पष्ट होतो, मग कडेची रेषा, मग खालचा पृष्ठभाग. खालचा पृष्ठभाग मात्र तुम्ही आतून बघत असता. गोधडी उलटी करून टाके बघावेत तसं ते, नक्षी तीच पण डावं-उजवं बदललेलं. हे लक्षात ठेवलं नाही तर पट्ट्यांचे क्रमांक आरशातले पडतात.

म्हणून दोन चित्रं काढा, वरच्या फोकसचं एक आणि खालच्या फोकसचं एक. पेन्सिलीने, वहीत. मोबाइलचा फोटो काढायला माझी ना नाही, पण फोटोत एकच फोकस येतो आणि हात न चालवता डोळा शिकत नाही.

आता डोकं आणि पाय ठरवा. शिंग असेल तर एकटं शिंग सहसा डोक्याकडचं, जोडीतली शिंगं पायाकडची. कमरेची खाच सापडली की वरचा अर्धा एपिसिस्ट, खालचा हायपोसिस्ट. मग पोट आणि पाठ. ज्या बाजूला सल्कसची उभी खाच ते पोट. दार पाठीच्या मध्यावर असेल तर पाठ आपोआप कळते. डोक्याकडचं पूर्ण टोपण उडालेलं असेल, तर भोकाच्या कडेला एक खोल खाच शोधा. ती सल्कसच्या वरच्या टोकाची खाच, म्हणजे पोटाची बाजू. एरिओलिजेरा आणि ग्लाफिरोसिस्टा या चपट्या सिस्टांत ही खाच मध्यापासून सिस्टच्या डाव्या अंगाला सरकलेली असते. सिस्टचं डावं, तुमचं नव्हे. पोट वर असेल तर ते तुमच्या उजव्या हाताला येतं.

दार कोणतं

आता खरा प्रश्न. चार-पाच प्रकार ओळखता आले तरी बहुतेक स्लाइड निभावते.

डोक्याकडच्या सगळ्या पट्ट्या मिळून टोपण उडालं असेल तर ते शिखरदार, एपिकल आर्किओपाइल. कड नागमोडी, कोनदार असते, कारण ती खालच्या पट्ट्यांच्या शिवणीवरून फाटलेली असते. कड कोनदार नसेल, वेडीवाकडी चिरलेली असेल, तर ते दार नव्हे, तुटलेलं आहे.

पाठीवर कमरेच्या लगेच वर एकच पट्टी निघाली असेल तर प्रीसिंग्युलर. बहुतेक वेळा ती तिसरी प्रीसिंग्युलर, ३″ अशी लिहितात. पाठीवरच पण कमरेपासून जरा वर, म्हणजे भोकाची खालची कड आणि कमरेची खाच यांच्यामध्ये पट्टीची एक रांग शिल्लक असेल, तर ते इंटरकॅलरी. हा एवढा फरक बघायला मी पोरांना तासभर एकाच सिस्टवर बसवते, कारण गोनिऑलॅकॉइड आणि पेरिडिनिऑइड ही दोन मोठी घराणी पुष्कळदा याच जागी वेगळी होतात. भोकाची कड कमरेला टेकते का? टेकत असेल तर पहिलं घराणं धरून चला. मध्ये जागा आहे का? तर दुसरं.

कमरेच्या वरचा पूर्ण अर्धा निघून जात असेल तर एपिसिस्टल. अशा जातींचे नुसते अर्धे वाटे सापडतात. होमोट्रिब्लियम त्यातलं, पॉलिस्फेरिडियमही. मोजताना दोन अर्धे मिळून एक धरा.

निघालेला तुकडा, ऑपरक्युलम, कधी आतच पडून असतो, कधी एका बाजूने चिकटलेला असतो, कधी स्लाइडवर दुसरीकडे एकटा सापडतो. एकटा सापडला तर त्याची नोंद करा, पण सिस्ट म्हणून मोजू नका, नाहीतर एकाच घराची दोनदा गणती होते.

पट्ट्यांचा नकाशा

पट्ट्यांना क्रमांक द्यायची पद्धत चार्ल्स कोफॉइड यांची, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. डोक्याकडच्या रांगेला आकड्यावर एक छोटी रेघ (′), कमरेवरच्या रांगेला दोन, कमरेखालच्या रांगेला तीन, पायाकडच्या पट्ट्यांना चार. सगळ्या पट्ट्या एका सिस्टवर दिसतील ही आशा सोडा. खुणा कधी कडांच्या रूपात येतात, कधी काट्यांच्या रांगांतून, कधी नुसत्या दाराच्या कोनांतून.

कमी खुणा असल्या तर आधी पायाकडे बघा. गोनिऑलॅकॉइडला तळाशी बहुधा एकच पट्टी, पेरिडिनिऑइडला दोन. पेरिडिनिऑइडचा बाह्याकार पुष्कळदा पंचकोनी असतो, वर एक शिंग, खाली दोन, आणि खालच्या दोनांत डावं बऱ्याचदा मोठं. सिंग्युलमची दोन टोकं पोटावर एका पातळीत भेटत नसतील, एक टोक खाली घसरलेलं असेल, तर तेही लिहा, गोनिऑलॅकॉइडमध्ये ही घसरण ठळक असते.

भिंत, आणि आता काटे

भिंत एकेरी की दुहेरी ते कडेच्या रेषेवर फोकस करून बघा. दोन थर एकमेकांपासून सुटून मध्ये पोकळी झाली असेल तर तो कॅव्हेट सिस्ट. पोकळी सगळीकडून आहे की फक्त डोक्या-पायाकडे आहे की नुसत्या शिंगांत आहे, हे लिहून ठेवा. शरीर चिलखताच्या आकाराला चिकटून असेल, काटे नसतील किंवा नगण्य असतील तर प्रॉक्झिमेट. शरीर आत आक्रसून लांब काट्यांवर उभं असेल तर कोरेट.

आता काट्यांना हात लावा. पहिला प्रश्न, काटे पट्ट्यांना मानतात की नाही? मानत असतील तर कुठे उगवलेत, पट्टीच्या मध्यावर की शिवणीवर, की जिथे तीन पट्ट्या भेटतात त्या कोनावर? मानत नसतील तर तशी नोंद करा आणि पुढे चला. त्यानंतर टोकं बघा, पोकळ की भरीव ते बघा.

दोन उदाहरणं घेते. ऑलिगोस्फेरिडियम आणि हिस्ट्रिकोस्फेरिडियम, दोघांचं दार शिखराचं, दोघांचे काटे पोकळ नळ्यांचे, एका पट्टीला एक. चित्रात बघून कोणीही गोंधळेल. फरक कमरेत आहे. ऑलिगोस्फेरिडियमच्या सिंग्युलमवर काटे नसतात, हिस्ट्रिकोस्फेरिडियमच्या असतात. म्हणजे काटे मोजण्यापेक्षा काटे कुठे नाहीत हे बघणं जास्त उपयोगी पडलं. त्यांच्या जोडीला हिस्ट्रिकोकोल्पोमा आलं तर त्याचे कमरेवरचे काटे बारीक आणि वरखालच्या पट्ट्यांवरचे चांगले रुंद.

दुसरं, स्पिनिफेराइट्स. हा जवळजवळ प्रत्येक स्लाइडवर भेटतो, म्हणून त्याच्यावरच हात बसवा. दार ३″. काटे पट्ट्यांच्या कोनांवर, टोकाला तीन फाटे, त्या फाट्यांची टोकं पुन्हा दुभंगलेली. शिवणीच्या मध्यावरही काटे असले तर ते बहुधा दोन फाट्यांचे. काट्यांना जोडणाऱ्या शिवणीच्या कडा शरीरावर दिसतात. या कडा अजिबात नसतील आणि बाकी सगळं तेच असेल तर तो अकोमोस्फेरा. कडा 'जवळजवळ नाहीत' असे नमुनेही भेटतात. तिथे १००० पट आणि तेलाची लेन्स लावा, आणि तरी ठरत नसेल तर दोन नावं तिरकी रेघ मारून एकत्र लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

वस्तानच्या काळाच्या थरांत ॲपेक्टोडिनियम शोधा, कारण हा पाहुणा महत्त्वाचा आहे. सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पॅलिओसीन-इओसीनच्या सीमेवर पृथ्वी झपाट्याने तापली, तेव्हा हा उष्णताप्रेमी गट जगभरच्या समुद्रकाठांवर एकदम माजला. त्यानंतरच्या थरांतही तो भेटत राहतो, म्हणून नुसता तो दिसला की 'सीमा सापडली' असं ओरडू नका. ओळखायचा असा: बाह्याकार पंचकोनाकडे झुकणारा, कोपऱ्यांवर छोटी शिंगं, अंगभर आखूड काटे आणि ते पट्ट्या न मानणारे. नुसते काटे बघून आमच्या एका पोराने त्याला कोरेट गोनिऑलॅकॉइड केलं होतं. मी म्हटलं, बेटा, दार कुठेय? त्याने स्क्रू फिरवला, पाठीवर चौकोनी भोक दिसलं, खालची कड कमरेपासून सुटलेली. पेरिडिनिऑइड, दुसरी इंटरकॅलरी पट्टी. भोक चौकोनी म्हणजे वेट्झेलिएलाच्या गोतातलं. डेफ्लँड्रियात तीच पट्टी निघते पण भोक सहा बाजूंचं असतं. काट्यांनी जे लपवलं ते दाराने एका फिरकीत सांगितलं.

नाव लिहिताना

नाव सगळ्यात शेवटी. वंश ठरला आणि जात ठरली नाही तर वंशाच्या नावापुढे 'जात अनिश्चित' लिहा. वंशही ठरला नाही तर 'गोनिऑलॅकॉइड, अनिश्चित' लिहा. दारच दिसत नसेल आणि पट्ट्याही नसतील तर एविट यांच्या त्या पिशवीत टाका, पिशवी त्यासाठीच आहे.

नावं जुन्या पुस्तकावरून उतरवू नका, वंश वारंवार हलवले जातात. 'डायनोफ्लाज' नावाची जीवाश्म डायनोफ्लॅजेलेटच्या नावांची सूची इंटरनेटवर आहे, तिथे सध्याचं मान्य नाव तपासा. नियम वनस्पतींच्या नामसंहितेचे लागतात. आणखी एक गुंता असा की जीवाश्म सिस्टला एक नाव आणि आज पोहणाऱ्या जिवाला दुसरं. पॉलिस्फेरिडियम झोहरी हा सिस्ट पायरोडिनियम बहामेन्सचा, ऑपरक्युलोडिनियम सेंट्रोकार्पम हा प्रोटोसेरॅशियम रेटिक्युलेटमचा. जुन्या गाळाच्या कामात सिस्टचंच नाव चालवा, दोन्हींची सरमिसळ करू नका.

वय काढताना एका नमुन्यावर भार टाकू नका. ओडोंटोकायटिना, म्हणजे तीन लांब शिंगांचा क्रिटेशियस सिस्ट, इओसीनच्या स्लाइडवर एकटाच सापडला तर तो जुन्या दगडातून धुऊन आलेला असण्याची शक्यता धरा. त्याचा रंग बाकीच्यांपेक्षा गडद आहे का, अंग झिजलंय का बघा. फ्लुओरेसन्सची, म्हणजे अतिनील उजेडात चमक बघायची सोय असेल तर उजेडाचा रंगही वेगळा पडतो.

पर्यावरणाबद्दलही बोलता येतं, पण बेताने. होमोट्रिब्लियम भरमसाठ असेल तर किनाऱ्याजवळचं कोंडलेलं, बहुधा जास्त खारट पाणी. इम्पॅगिडिनियम म्हणजे खुला समुद्र. एरिओलिजेरा-ग्लाफिरोसिस्टाचा गठ्ठा म्हणजे उथळ, खळबळतं पाणी. एका स्लाइडवरून किनाऱ्याची रेघ आखायला जाऊ नका, खालून वर सलग नमुन्यांत प्रमाण कसं बदलतं ते बघा.

मोजणी आणि स्लाइडची निगा

एका नमुन्यात दोनशे ते तीनशे सिस्ट मोजा. सरळ रांगेने सरका, आवडलेल्या कोपऱ्यात रेंगाळू नका. अर्ध्याहून जास्त शरीर असलेला तुकडा एक म्हणून मोजा, कमी असेल तर सोडा. मोजणी संपल्यावर उरलेली स्लाइड पुन्हा एकदा कमी मोठेपणावर चाळा, दुर्मीळ जाती तिथेच सापडतात. त्या मोजणीबाहेर, नुसत्या 'हजर' म्हणून लिहा. प्रत्येक महत्त्वाच्या नमुन्याची जागा सूक्ष्मदर्शकाच्या मंचावरच्या दोन आकड्यांनी नोंदवा, आणि स्लाइडचं लेबल कोणत्या हाताला होतं तेही. हे राहिलं की तो सिस्ट पुन्हा सापडत नाही, आणि ज्याला दुसरा माणूस उघडून बघू शकत नाही असा पुरावा कोणी मानत नाही.

ग्लिसरीन जेलीच्या स्लाइडबद्दल आपल्याकडच्या लोकांना मुद्दाम सांगायचंय. ही जेली थंड मुलखातल्या पुस्तकांत फार गोड वाटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि पत्र्याखालच्या खोलीत तर विचारू नका. जेली सैल होते, उभ्या ठेवलेल्या स्लाइडमधले सिस्ट एका कडेला सरकतात आणि नोंदवलेले आकडे बाद होतात. स्लाइड आडव्या ट्रेमध्ये ठेवा, कडा नेलपॉलिशने बंद करा, पेटी घरातल्या सगळ्यात थंड भिंतीला लावा. कायमच्या ठेवणीला पॉलिव्हिनाइल अल्कोहोलवर माल वाळवून कॅनडा बाल्समने झाकणं बरं. बाल्सममध्ये सिस्ट मात्र हलवून, उलटा करून बघता येत नाही, म्हणून शिकताना एक स्लाइड नुसत्या ग्लिसरीनची ठेवावी आणि सुईने झाकणकाचेला हलका धक्का देऊन सिस्ट कुशीवर वळवावा. पाठ-पोट कळायला याहून सोपा उपाय नाही.

उरलेला माल छोट्या बाटलीत पाण्याखाली ठेवा, बुरशी धरू नये म्हणून फिनॉलचा थेंब टाका, बाटलीवर शाईने लिहू नका, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी चिकटपट्टीखाली लावा. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी पाणी आटलंय का ते बघून भर घाला. माल एकदा सुकून तळाला चिकटला की सिस्ट चुरगळतात, आणि मग दारही दिसत नाही.